साडभाऊंचा खबऱ्या

आमच्या थोरल्या साडूंइतका मासे न पकडण्यात तरबेज माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव आहे. गावाबाहेरच्या पाझर तलावावर ते गेली अकरा वर्षं गळ टाकून बसतात आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या पिशवीतून साधा झिंगासुद्धा घरी आलेला नाही. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढ्या एका अपघाताने आम्ही भाऊ झालो, नाहीतर मी बुलढाण्यात इस्त्रीचे कपडे घालून हापिसात बसणारा माणूस आणि ते पायजम्याचा एक पाय वर खोचून चिखलात बसणारे. पूर्वी त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी नवाच आणायला लागले तसं दुकान बंद पडलं, पण दुकानातल्या वायरी, भोंगे, स्प्रिंगा आणि स्क्रू घरी आले, आणि अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, ते घराबाहेर काढल्यावर तलावावर गेले.

मासा गळाशी आला की आपल्याला वर्दी देणारं यंत्र बनवायचं, हा त्यांचा ध्यास. या यंत्राला ते खबऱ्या म्हणतात. पहिला खबऱ्या ज्वारीच्या धांड्याचा होता. पाण्यावर तरंगायचा, मासा तोंड लावी तसा बुडायचा. त्यात काही चुकत नव्हतं, म्हणूनच तो साडभाऊंना आवडला नाही. मग पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायचे घुंगरू दोरीला अडकवले, पण ते वाऱ्यानेही वाजत, आणि दिवसभर उठबस करून साडभाऊंचे गुडघे धरले. मग सायकलची घंटी झाली. शेवटी त्यांनी जे बनवलं ते मात्र, मनात नसूनही मान्य करतो, डोकेबाज होतं. कपडे वाळत घालायचा चिमटा घ्यायचा, त्याच्या दोन्ही जबड्यांना आतून पितळी पत्रा लावायचा, पत्र्यांना सेल आणि भोंगा जोडायचा, आणि जबड्यांत प्लास्टिकची चकती धरून ती गळाच्या दोरीला बांधायची. मासा दोरी ओढतो, चकती निसटते, पत्र्याला पत्रा भिडतो आणि भोंगा वाजतो. भोंगा रिक्षा मागे घेताना वाजतो तो बसवला होता. त्याची चाचणी पाहायला मी हजर होतो. भोंगा वाजला तेव्हा तलावावर पाणी प्यायला आलेल्या दोन म्हशी शिस्तीत मागे सरकत गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"अहो, एवढ्या आवाजाने मासा पळून नाही का जाणार?" मी विचारलं.

"जाऊ द्या ना," साडभाऊ म्हणाले. "मले मासा काय कराचा हाय? मासा आला हे मले कयलं पाह्यजे."

अपयशी माणसं तत्त्वज्ञानाकडे वळतात, असा मी त्याचा अर्थ लावला आणि घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. दिवाळीला ते आमच्याकडे दोन दिवस राहून गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे कोणी आलंच नाही. आमचा परिसर अचानक शहाणा झाला असं मला वाटत होतं, तेवढ्यात दूधवाल्याने दार ठोठावून सांगितलं, "साहेब, तुमची बेल उपटून नेली कोनं तरी." चिमणीच्या आवाजाची ती बेल बायकोने हौसेने आणली होती. मी रागाने फोन केला तर पलीकडून आधी चिमणी ऐकू आली आणि मग साडभाऊ. "लय गोड आवाज हाय हो," ते म्हणाले. "म्हशी बी भेत नाईत." नवीन बेल आणली, तिला कडीकुलूप लावता येत नाही याचं मला वाईट वाटलं.

आता यातली मेख सांगतो. साडभाऊ माळकरी आहेत. एकेकाळी ते अख्खा मरळ मासा एका बैठकीत संपवत, पण अक्काचं मोठं ऑपरेशन झालं आणि ती सुखरूप घरी आली त्या दिवशी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून गावच्या हरिनाम सप्ताहात वीणा घेऊन उभं राहण्याचा दुपारचा पहारा त्यांचा. जेवणं झालेली असतात, मांडवात मंडळी आडवी होतात, आणि साडभाऊ एकटे वीणा गळ्यात घालून उभे. हा पहारा दुसऱ्या कोणाला नको असतो. साडभाऊंना मात्र वर्षभरात हवी असलेली तेवढी एकच गोष्ट. गाव भाबडं म्हणा की आळशी, माळ घातलेला माणूस तलावावर काय करतो हे कोणी खोदून विचारलं नव्हतं. वावरात जाता-येता बाया, गुराखी सवयीने विचारत, "लागला का हो, बुवा?" साडभाऊ दोन्ही हातांनी माप दाखवून म्हणत, "सुटला." ते माप दर वर्षी वाढत होतं.

हे सगळं मी बिघडवलं. एका लग्नाच्या पंगतीत मला विनोद सुचत होते, माणसं हसत होती, आणि हसणारी माणसं दिसली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी साडभाऊंच्या म्हशी सांगितल्या, चिमणी सांगितली, अकरा वर्षांत एक मासा नाही हेही सांगितलं. पलीकडच्या पानावर त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष बसले होते. ते हसले नाहीत.

"अकरा वर्सं गळ टाकते अन् एक मासा लागत नाई? हे पटते का तुमाले?" ते म्हणाले. "थो तिथंच भाजून खाते. माळ घालून मासे खानाऱ्याच्या गळ्यात आता वीणा नाई पडनार."

सप्ताह आठ दिवसांवर होता. अध्यक्षांनी साडभाऊंना रंगेहाथ धरायचं ठरवलं आणि साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती, म्हणून गेलो. भर दुपारी अध्यक्ष, मंडळातले दोघे आणि मी असे चौघे बाभळीआडून पाहत होतो. साडभाऊ टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते, आणि तेवढ्यात माझी बेल वाजली. ते उठायच्या आत अध्यक्ष धावले, दोरी धरली आणि सरासरा ओढून काढली. दोरीच्या टोकाला मासा नव्हता. आकडाही नव्हता. फडक्याच्या चिंधीत बांधलेला कणकेचा गोळा होता, आणि तोही अर्धा खाल्लेला.

"आकडा कुठी हाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माळ घातली त्या दिवशीच समदे आकडे फेकून देल्ले," साडभाऊ म्हणाले.

"मंग अकरा वर्सं इथं काय करून राह्यले?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लपवलेलं खेळणं कोणी शोधून काढल्यावर मूल पाहतं तसं. "तो आला का नाई, ते पाहून राह्यलो," ते म्हणाले. "आला का बेल वाजते. कनिक खाऊन जाते. अजून काय पाह्यजे?"

अध्यक्षांनी दोरी नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि ते चालू लागले. पहारा साडभाऊंकडेच राहिला. सप्ताहात त्यांच्या गळ्यात वीणा घालताना अध्यक्ष त्यांच्या पायाही पडले, एवढं चांगलं झालं. पण गोष्ट गावभर झाली. आकडाच नाही म्हटल्यावर लागला का म्हणून कोण विचारणार? बाया आता हसून पुढे जातात, गुराखी तर हसतही नाहीत. साडभाऊ नुसते बसून असतात. अक्का मला फोनवर म्हणाली, "आजकाल लवकर घरी येतेत ते." तिचा आवाज ऐकून माझी मलाच शरम वाटली.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम गेलो. इस्त्रीची पँट वर खोचून त्यांच्या शेजारी चिखलात बसलो. तास-दीड तास आम्ही दोघे दोरीकडे पाहत होतो. मग चिमणी वाजली. दोरी ताणली, थरथरली आणि सैल पडली. साडभाऊ जागचे हलले नाहीत. आता उठण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"लागला का, बुवा?" मी विचारलं.

त्यांनी टोपी वर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं, थट्टा आहे का ते तपासलं. मग त्यांचे हात हळूहळू वर आले, एकमेकांपासून लांब गेले, आणखी लांब गेले, आणि डावा हात माझ्या छातीला येऊन टेकला तेव्हाच थांबले.

"सुटला," साडभाऊ म्हणाले.