निशाच्या दारात आलेली गाडी

निशा मूळची कोडोलीची. बारावी झाल्यावर कोल्हापूरला मामांकडे राहायला आली आणि कॉलेज करता करता राजारामपुरीतल्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरला लागली. पोरं जाहिराती पाठ करून दुकानात यायची, आणि ही त्यांना विचारायची, "ते सगळं ऱ्हाऊ दे. फोन घिऊन तुला करायचं काय हाय?" मालकाला हे आवडायचं नाही, पण गिऱ्हाईक तिलाच शोधत यायचं. स्वस्तातला फोन पुरत असेल तर ती महागातला गळ्यात मारत नसे.

लग्न प्रसेनजीतशी झालं. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. कसबा बावड्यात दोन खोल्यांचं घर, घरात सासूबाई शालन. पूर्णिमा झाल्यावर निशाचं दुकान सुटलं, बोलणं मात्र सुटलं नाही. कुणाला टीव्ही घ्यायचा असो, कुणाच्या फोनमध्ये जागा उरलेली नसो, गल्लीतली माणसं हिच्या दारात. एकदा शेजारच्या बयाबाईंना ती समजावत होती, तेव्हा प्रसेनजीतनं गंमत म्हणून तिचा व्हिडिओ काढला आणि टाकला. बयाबाई विचारत होत्या, "ॲप फुकट हाय म्हंत्यात, मग घ्यायला काय हुतंय?" निशा म्हणाली, "बयाआक्का, गोठ्यात वैरण कुणी फुकट आणून टाकालंय म्हटल्यावर धार कुणाची काढणार हाय, एवढं बघायचं."

तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. मग चॅनलच निघालं, 'निशाचं मत'. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी सांगतो, मी बघतो' असंच बोलायची. पुण्यामुंबईची माणसं हसायची आणि तरी ऐकायची. स्वयंपाकघरातल्या ओट्यापुढं उभी राहून ती बोलायची. मागं भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. लाईट, माईक असलं काही नाही. मधेच कुकरची शिट्टी झाली तर तीही व्हिडिओत.

गेल्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, सुमाराला झेव्हार नावाच्या कंपनीचा नवा फोन आला. प्रसेनजीतच्या एका सोबत्यानं तो घेतला होता. त्याच्याकडून चार दिवसांसाठी मागून निशानं वापरून बघितला. व्हिडिओ कॉलवर जरा बोललं की गालाला चटका बसायचा. आतलं सगळं जवळजवळ जुन्याच फोनचं. ती व्हिडिओत म्हणाली, "गेल्या सालचाच बैल हाय. शिंगं रंगवून बेंदराला आणलाय. त्येच्या पाठीवर हात ठिवून बघा, ताप हाय त्याला."

लोक पोट धरून हसले. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून सगळीकडं पसरवला, आणि तिथून ते सुरू झालं.

कंपनीवर जीव टाकणारी पोरं असतात, हे निशाला दुकानापासून माहीत होतं. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघासाठी डोकी फुटतात, तसलंच ते. फरक एवढाच, की पेठ आपली असते, तिथं आपलं घर असतं. या कंपनीचा मालक कोण, ती कुठल्या देशातली, हे या पोरांना धड सांगता आलं नसतं. पण निशानं त्यांच्या फोनला बैल म्हटलं होतं. पहिल्या दिवशी नुसत्या शिव्या आल्या. शिव्यांचं तिला काही वाटलं नाही. मग कुणीतरी तिचं आडनाव आणि भिंतीवरचा फोटो जोडून बघितला आणि शिव्यांची जात बदलली. त्या तिनं शालनला वाचून दाखवल्या नाहीत. प्रसेनजीतनं वाचल्या. तो जेवता जेवता उठला आणि हात धुऊन बाहेर जाऊन बसला.

"फोटो काढून ठिवूया का थोडं दिवस?" त्यानं परत आल्यावर विचारलं.

"फोटो हलणार न्हाय," निशा म्हणाली. पण हे म्हणताना आपला आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, हे तिचं तिलाच कळलं.

दोन दिवसांनी कुणीतरी त्यांच्या घराचा फोटो टाकला. तिच्या एका जुन्या व्हिडिओत खिडकीतून समोरच्या गिरणीची पाटी दिसत होती. तेवढ्यावरून त्यांनी गल्ली शोधली होती. फोटोत दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी पूर्णिमाच्या चपला होत्या. म्हणजे फोटो काढणारा माणूस गल्लीत येऊन, दारासमोर उभा राहून गेला होता. कधी, ते घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पार्सलं यायला लागली. बिर्याणी, केक, घोड्याचा लगाम, पोत्यानं कुत्र्याचं खाणं. मागवलेलं निशाच्या नावानं, द्यायचे पैसे दारात. डिलिव्हरीची पोरं पावसातून आलेली असायची. "तुमीच मागवलंय की ताई, नंबर तुमचाच हाय," असं म्हणून वैतागायची. ती हात जोडून त्यांना परत पाठवायची. गल्लीत मोटारसायकल थांबली, की ती दाराकडं बघायला लागायची. चहा गाळता गाळता हात थांबायचा. गाडी पुढं गेली, की मग हात हलायचा.

शालन या सगळ्याकडं गमतीनं बघत होती. दुपारी पाऊस उघडला की पायरीवर बसून ती शेंगा निवडायची, आणि कुणी पार्सल घेऊन आलं की म्हणायची, "न्हाय वो पावणं, आमच्यात कोण केक खात न्हाय."

तशीच ती बसलेली असताना, शनिवारी दुपारी, गल्लीत शववाहिका शिरली. मागं घेता घेता ती बरोबर दारासमोर थांबली. ड्रायव्हर उतरला. भला माणूस होता, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यानं हळू आवाजात विचारलं, "शालनबाईंचं घर हेच न्हवं? मयत आत हाय का? माणसं अजून जमल्याली दिसंनात."

निशा आतून ऐकत होती. धावत बाहेर आली तर सासूबाई पायरीवर तशाच. मांडीवर सुपडं, बोटांत शेंग. चेहऱ्याचा रंग उतरलेला.

"मीच शालन," ती म्हणाली.

ड्रायव्हर मागं सरकला. "आई, मला फोन आलता. बाईच हुत्या बोलाय. रडत हुत्या. म्हटल्या, सासू गेली." मग तो निशाकडं बघत राहिला. "तुमचाच आवाज हुता ताई."

त्या वाक्याचा अर्थ निशाला त्या दिवशी लागला नाही. ड्रायव्हर घाबरून काहीतरी बोलतोय असं तिला वाटलं. गाडी गेली. पण गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या राहिल्या होत्या, आणि दोघी-तिघींनी शालनकडं बघितलं तेही वेगळ्याच नजरेनं, माणूस हाय की न्हाय असं. शालन आत गेली ती भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "माझं नाव त्यास्नी कसं ठावं गं?"

निशाला ठाऊक होतं. नाव तिनंच सांगितलं होतं, एका व्हिडिओत, कौतुकानं. 'आमच्या शालनआत्यांस्नी फोनवर भजनं लावाय येत्यात.'

चौकीतल्या हवालदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चॅनल बंद करा की ताई. कशाला लोकांच्या फोनला नावं ठेवायची?" घरी प्रसेनजीतही तेच म्हणाला. दोघांचं त्यावरून वाजलं. मग तिनं झेव्हारचा व्हिडिओ काढून टाकला, नवं काही टाकायचंही थांबवलं. शिव्या कमी झाल्या, पार्सलं थांबली. शालन जेवायला लागली, फक्त पायरीवर येईना. निशाला वाटलं, संपलं.

बुधवारी ती नेहमीसारखी पूर्णिमाला आणायला शाळेत गेली. तिसरीचा वर्ग सुटला. पोरं बाहेर आली. त्यांत पूर्णिमा नव्हती.

वर्गशिक्षिका पोरांच्या वह्या गोळा करत होत्या. निशाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. "अहो, तुम्हीच नाही का फोन केला? पूर्णिमाच्या बाबांना फौंड्रीत लागलंय, मी दवाखान्यात हाय, रिक्षा पाठवतो, म्हणालात. 'पाठवतो' म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, तुम्हीच."

निशाच्या कानात नुसता घूं असा आवाज भरला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते. मग तिनं प्रसेनजीतला फोन लावला. तो उचलेना. फौंड्रीत भट्टीजवळ फोन नेऊ देत नाहीत, हे तिला माहीत होतं, तरी ती लावतच राहिली. लाईन बाजारातून गाडी कशी काढली, वाटेत कोण आडवं आलं, तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की येणाऱ्या प्रत्येक रिक्षात ती वाकून बघत होती, आणि एका रिक्षात शाळेचा निळा फ्रॉक दिसला म्हणून तिच्यामागं उलट्या दिशेनं गेली होती. ते पोर दुसऱ्याच कुणाचं होतं.

पोलिसात जायचं तर पूर्णिमाचा फोटो हवा, असं डोक्यात येऊन ती आधी घराकडं वळली.

दारात रिक्षा उभी होती. पूर्णिमा उंबऱ्यावर बसून केळ खात होती. पिकल्या केसांचा रिक्षावाला, आकाराम त्याचं नाव, शालनशी बोलत होता. त्याला ॲपवरून भाडं आलं होतं, शाळेपासून या घरापर्यंतचं. पोरीला त्यानं नीट आणून सोडलं होतं आणि घरात कुणी मोठं माणूस आहे का हे बघायला थांबला होता.

निशानं पोरीला इतकं आवळून धरलं की पूर्णिमा म्हणाली, "मम्मी, केळ चेमटालंय." फोन करणाऱ्यांना पोरीला पळवायचंच नव्हतं. पळवता येतं एवढंच दाखवायचं होतं. हे लक्षात आलं तरी निशाला मिठी सोडवेना. आकाराम जाताना म्हणाला, "पुढच्या वक्ताला पत्ता घरचा नसंल ताई. लिहून द्या पोलिसात. मी येतो साक्षीला."

त्याच संध्याकाळी प्रसेनजीत, निशा आणि आकाराम तिघंही सायबर विभागात गेले. संयोगिता नावाच्या फौजदारबाई होत्या. त्यांनी व्हिडिओ बंद करा म्हटलं नाही. शाळेत आलेला फोन, रिक्षाचं बुकिंग, घराचा फोटो, सगळं मागून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज तुमच्या व्हिडिओंवरूनच बनवलाय. आता ह्याला काय लागत नाही, थोडा नमुना पुरतो. तुम्ही तर भरपूर दिलाय."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पूर्णिमाची शाळा बंद ठेवली. अनोळखी नंबर आला की निशा फोन उचलून गप्प राहायची. पलीकडचं माणूस आधी बोलेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायची नाही. गल्लीत बोलतानासुद्धा आवाज खाली आला. आपल्याच गळ्यातून निघणारी गोष्ट आता आपली राहिली नाही, कुठंतरी कुणाच्या तरी फोनमध्ये ती बसलीय आणि हवं तेव्हा बोलेल, हे तिच्या मनातून जाईना. एकदा आतल्या खोलीतून तिनं "आत्या, चहा घेतासा का?" असं विचारलं, तर शालननं उत्तर देण्याआधी उठून दारातून डोकावून बघितलं, खरंच सूनच हाय का.

दिवाळीच्या आधी पोलिसांना एकजण सापडला. जयसिंगपूरचा सम्राट, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. निशाला ओळख पटवायला बोलावलं, पण ओळखायचं काय? तिनं त्याला कधी बघितलेलं नव्हतं. किडकिडीत पोरगं, नखं कुरतडून बोटं लाल झालेली. शेजारी त्याचे वडील खाली मान घालून बसलेले. घराचा फोटो त्यानं काढला होता, आणि रिक्षाही त्यानंच बुक केली होती.

"माझ्या पोरीनं तुझं काय केलतं?" निशानं विचारलं.

"तिला काय करणार न्हवतो," तो म्हणाला. "ग्रुपवर ठरलं, नुसतं भ्या दाखवायचं. तुम्ही कंपनीला नावं ठेवली म्हणून."

"कंपनी तुझी कोण लागती?"

 त्यानं खिशावर हात ठेवला. पोलिसांनी फोन काढून घेतलाय हे विसरला होता. हात तसाच खाली आला.

"आणि मयताची गाडी?"

"ती मी न्हाय. आईशप्पथ. आवाज बनवणारा दुसरा हाय. त्येचं नाव मला ठावं न्हाय. कोण म्हंतंय दिल्लीचा, कोण म्हंतंय परदेशातला."

संयोगिताबाईंनी मान हलवली. ग्रुप बंद झाला होता, तो दुसरा माणूस ग्रुपवरचं खोटं नाव सोडून नाहीसा झाला होता. शोध चालू आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणजे तो माणूस अजून आहे. घरी परतताना निशा पोलीस मुख्यालयाच्या रस्त्यावर त्याच गोष्टीचा विचार करत होती. पोरगं सापडलं याचं तिला समाधान वाटायला हवं होतं. उलट, आता भीतीला तोंडच राहिलं नव्हतं.

चॅनल तिनं पुन्हा सुरू केलं नाही. लोक दारात येतात, त्यांना ती समोरासमोर सांगते, आणि मत तिचं अजून तसंच तिखट आहे. पण कुणी बोलताना फोन वर धरला, की ती थांबते आणि म्हणते, "आधी तो खिशात घाला."

पूर्णिमा पुन्हा शाळेत जाते. बाईंशी बोलून त्यांनी एक शब्द ठरवलाय. पोरीला न्यायला कुणीही येवो, आवाज कुणाचाही असो, तो शब्द सांगितल्याशिवाय पोर फाटकाबाहेर पडत नाही. शब्द पूर्णिमानंच निवडला, आणि निवडताना तिला खूप हसू येत होतं. तो बाई, आई, बाप आणि पोर एवढ्यांनाच माहीत आहे. शालनला सांगायला निशा तिच्या कानाशी वाकली, तेव्हा सासूनं हातानं तिचं तोंड धरलं.

"मला सांगू नगं," ती म्हणाली. "मी बोलून टाकीन कुठंतरी."