मोटारींतून कापलेली माणसं

पौडच्या मोटार मंडळात मला घेतलं ते माझ्याकडे चांगली कात्री होती म्हणून. मोटारीतलं मला काडीचंही कळत नव्हतं. एस.टी.त पुढच्या बाकावर बसलो तरी मला मळमळायचं. पण मंडळाला नीट कापणारा माणूस हवा होता, आणि त्या वेळी अख्ख्या पौडात धड शिंपी मी एकटाच होतो.

मंडळ म्हणजे तीन माणसं. गुरांचे डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर आणि मी. दर रविवारी दुपारी माझ्या दुकानात बैठक भरायची, कारण कापड बेतायची माझी फळी लांबरुंद होती आणि तिच्यावर अल्बम ऐसपैस उघडता यायचा. अल्बमात फोटो होते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बड्या मोटारींचे. धरण झाल्यापासून मुंबईपुण्याचे शेठ आणि साहेबलोक मुळशीचं पाणी बघायला येत, आणि पाणी बघून झालं की मोटारीपाशी उभे राहून फोटो काढून घेत. ते फोटो डॉक्टर कुठून कुठून पैदा करत. कुणाची म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं की डॉक्टर दारातच विचारत, "घरात मोटारीचा जुना फोटो आहे का?" आणि मग म्हशीकडे वळत. म्हशी तोवर थांबत, हे त्यांचं नशीब.

मोटारींची नावं मी इथे लिहीत नाही. ते दोघं ती नावं घेऊ लागले की मला तोंडात टाचण्या धरल्यासारखं व्हायचं. तिघांपैकी एकाकडेही मोटार नव्हती. डॉक्टरांकडे सायकल होती आणि हेडमास्तरांना सायकलही येत नव्हती. पण हेडमास्तरांनी लहानपणी एका संस्थानिकाच्या मोटारीला हात लावला होता. ही आठवण ते दर रविवारी सांगायचे, आणि डॉक्टर दर रविवारी कडक आवाजात विचारायचे, "मडगार्डला लावला की दाराला?" हेडमास्तरांचं उत्तर आठवड्यागणिक बदलायचं, मग डॉक्टर वहीत खाडाखोड करायचे. मी आपला काजं करत ऐकायचो.

माझं काम असं की फोटोत मोटारीबरोबर माणूस असला तर त्याला कापून काढायचं. नियम डॉक्टरांचा. "फोटो मोटारीचा," ते म्हणायचे. "माणूस पुढे उभा राहिला की पायरी झाकली जाते, दिवा झाकला जातो. माणसं काय, कचेरीसमोर रोज बघायला मिळतात." हे मला तेव्हा पटलं होतं, याची आज लाज वाटते. पोलक्याची बगल कापायची बारीक कात्री घेऊन मी साहेब कापले, मडमा कापल्या, सोलाहॅट घातलेली पोरं कापली, एक कुत्रं कापलं. मोटारीला धक्का लागू द्यायचा नाही, माणसाचं काहीही होवो. माणूस गेला की तिथे त्याच्या आकाराचं भोक पडायचं. मग आम्ही तो फोटो खळीनं काळ्या कागदावर चिकटवायचो आणि मोटार कशी मोकळी दिसते म्हणून खूश व्हायचो.

कापलेल्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. मी केरात टाकायला निघालो तर हेडमास्तर ओरडले. त्यांतली काही माणसं जिवंत असतील, जिवंत माणूस उकिरड्यावर कसा टाकायचा? चुलीत घालायचा तर विचारच नको. शेवटी मी बटणांचा एक पत्र्याचा डबा रिकामा केला आणि माणसं त्यात ठेवली. सात वर्षांत डबा निम्म्याच्या वर भरला.

त्या वर्षी मंडळात मोठं भांडण चाललं होतं. डॉक्टरांना धरणाजवळच्या एका शेठच्या बंगल्याच्या माळ्याकडून, गाईच्या औषधपाण्याच्या बदल्यात, एका लांबलचक मोटारीचा फोटो मिळाला होता. तशी मोटार अख्ख्या हिंदुस्थानात दोनतीनच असतील असं डॉक्टर म्हणत. अल्बमातलं पहिलं पान तिला दिलं होतं. भांडण तिच्या रंगाचं होतं. डॉक्टर म्हणायचे सायीसारखी पांढरट, हेडमास्तर म्हणायचे पिवळी. फोटो काळापांढरा. दोन महिने दोघं भिंगातून त्या करड्या मोटारीकडे बघत होते आणि एकमेकांच्या डोळ्यांवर शंका घेत होते. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, करडी आहे. मग दोन रविवार माझ्याशी कुणी बोललं नाही.

अशाच एका रविवारी ताम्हिणीकडची एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. पंचेचाळिशीची, पायात वहाणा नाहीत, काखेत गाठोडं. पंधरा दिवसांवर मुलीचं लग्न होतं आणि पोलकी शिवायची होती. मापाला म्हणून तिनं जुनं पोलकं दिलं. मी ते पसरलं तर डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला बोटभर उतरता. शिवणारा कुणी आंधळा असणार असं म्हणून मी नाक मुरडलं आणि मुलीकडे बघितलं. मुलीचा खांदाच तसा होता. मी गुपचूप खडू उचलला.

बाईचं लक्ष पोलक्यावर नव्हतं. फळीच्या दुसऱ्या टोकाला अल्बमाचं पहिलं पान उघडं होतं.

"ही शेठची गाडी," ती म्हणाली.

डॉक्टर स्टुलावरून उठले. "तुम्ही ही मोटार पाहिली आहे? प्रत्यक्ष?"

"न पाहून काय करती? माजं घरधनी हिच्यावर डायवर व्हतं."

"रंग?" दोघं एकदमच ओरडले.

"हिरवी. शेवाळावानी. गाडी पुसायची फडकी घरी यायची धुवायला. धुतली की सगळं पानी हिरवं."

डॉक्टर मटकन बसले. हेडमास्तरही बसले, पण त्यांच्यामागे स्टूल नव्हतं. त्यांना उठवेपर्यंत डॉक्टरांनी वही काढली, आपलं स्टूल पुसून बाईपुढे ठेवलं आणि तिला मावशी म्हणायला सुरुवात केली. भोंगा आत होता की बाहेर? मागची चाकं उघडी होती की झाकलेली? बाईनं सगळं सांगितलं. भोंगा बाहेर, उजव्या अंगाला. तो वाजला की शिवारात कळायचं, नवरा धरणावर आला. एकट्या हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर थोडं दुःख होतं, कारण आता त्यांच्या हात लावण्याची किंमत उतरली होती. मावशीला मंडळात घ्यावं असं डॉक्टरांनी तिथल्या तिथे सुचवलं आणि मी अनुमोदन दिलं.

"ते ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाली. "मी ह्या फोटूसाठीच आले. माळी म्हनला, गुरांच्या डाक्टरनं न्येला. ह्यात घरधनी हायेत, म्होरल्या चाकापाशी हुबं. त्येंचा दुसरा फोटू न्हाई. पोर पोटात असतानाच ते मुंबैला तापानं ग्येले. हिनं बापाचं त्वांड बगितलं न्हाई. लग्नात भिंतीला बाप पायजे, असं हिनं धरलंय." मग ती पानावर वाकली. "पन हितं तर कोनच न्हाई."

पुढच्या चाकापाशी माणसाच्या आकाराचा काळा कागद दिसत होता.

"त्यांना आम्ही कापलं," डॉक्टर म्हणाले.

"फोटोतून," हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले.

मावशीनं माझ्या कात्रीकडे बघितलं. मी ती फळीखाली सारली. आयुष्यात पुष्कळांची कापडं बिघडवली, पण इतकं शरमल्यासारखं कधी झालं नव्हतं. मी डबा आणला आणि फळीवर उपडा केला.

साहेब, मडमा, पोरं आणि ते कुत्रं फळीभर पसरले. मुलगी पुढे झाली आणि एकेक उचलून बघू लागली. टोपीवाले ड्रायव्हरच अकरा निघाले. तिनं अंगठ्याएवढा एक ड्रायव्हर उचलला. उंचापुरा, मिशा पिळलेल्या, छाती पुढे काढलेला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"आये, ह्यो?"

मावशीनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "व्हय," ती म्हणाली. "ह्योच."

तिथे विषय संपायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांनी तो ड्रायव्हर घेऊन अल्बमातल्या भोकावर ठेवला. डोकं वर आलं, कोपर दिव्यावर गेलं. "हा बसत नाही," ते म्हणाले. "हा दुसऱ्या मोटारीचा आहे." मला त्यांचा असा राग आला की त्यांची सायकल ओढ्यात टाकावी. मी त्यांच्या पायावर पाय दिला, तरी ते पुढे म्हणालेच, "मावशी, तुमची चूक होतेय."

"माजा दादला मी वळखनार का तुमी?"

"पायाकडून जरा कापला तर बसेल," मी म्हणालो. शिंप्याला दुसरं काय सुचणार?

"बसवण्यासाठी माणूस कापायचा?" डॉक्टर भडकले. डबाभर माणसं कापून घेणारे डॉक्टर! हेडमास्तर म्हणाले, थोडी खळ जास्त लावू. तिघं आम्ही एका अंगठ्याएवढ्या माणसावरून हमरीतुमरीवर आलो होतो आणि रस्त्यावरची दोन माणसं दारात उभी राहून बघत होती.

तेवढ्यात मावशी स्टुलावर बसली. मुलीकडे न बघता बोलली. "खरं सांगू? मला त्येंचं त्वांडच ध्येनात न्हाई. सतरा वर्सं झाली. हयात व्हते तवा तरी कितीदा बगितलं? गाडी धरनावर यायची वर्सातनं चारदा. हिनं ह्यो उचलला, हिला आवडला, म्हून मी व्हय म्हनले."

मुलीचा हात फळीवर तसाच राहिला. मला तर रडूच येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी ड्रायव्हर गोळा करू लागलो. मग सुचलं की तोंड आठवत नसलं तरी भोक तर जागेवर आहे. मी एकेक ड्रायव्हर घेऊन त्या भोकावर ठेवू लागलो. एक जाडा निघाला, एक तोकडा, एकाची टोपी बाहेर जात होती. आठवा ठेवला आणि तो बाहीसारखा नीट बसला.

बुटका, काळासावळा माणूस. टोपी एक माप मोठी, कानांवर आलेली. मिशा नाहीत. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता.

मी मान वर करून मुलीकडे बघितलं. ती वाकून उभी होती, डावा खांदा खाली. डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, भिंग घेऊन पुन्हा फोटोकडे बघितलं. सात वर्षं आम्ही ते फोटो बघत होतो, पण त्यांतल्या माणसाकडे बघायची ही आमची पहिली वेळ.

मावशीनं तो माणूस उचलून तळहातावर घेतला.

"ह्यो खांदा," ती म्हणाली. "ह्यावर घोंगडी कवा ऱ्हायची न्हाई. घसरायची. मी मागनं वर वडायची." आणि मग हसता हसता ती रडायला लागली. "आता आटवलं. त्वांडबी आटवलं. ह्योच गं."

मुलीनं मिशावाला हळूच डब्यात टाकला आणि आईच्या तळहातावर वाकली. कितीतरी वेळ ती बघत होती. "कान माज्यावानी हायेत," एवढंच म्हणाली.

डॉक्टर उठले. त्यांनी नखानं अल्बमाचं पहिलं पान सोडवलं. दोनतीनच असतील अशी ती हिरवी मोटार हातात घेऊन ते क्षणभर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा दारची गाय विकून टाकलेल्या माणसासारखा झाला. पण फोटो त्यांनी मावशीपुढे धरला. "घेऊन जा. शिंपीदादा तुमच्या मालकांना पुन्हा जागेवर चिकटवतील. पुण्याला नेऊन मोठा करून घ्या."

"गाडी नगं," मावशी म्हणाली.

"अहो, पण मोटारीशिवाय..."

"नगं. दोन कोसावर घर, आन ह्यो मानूस धरनावर यून गाडीत निजायचा. शेटची गाडी कुनी न्येईल म्हून. भोंगा आयकायचा आन मी भाकरी बांदून तिकडं जायाचं. पोरीच्या लग्नाला तरी एकटा यू द्या."

डॉक्टरांनी ते पान फळीवर ठेवलं. हेडमास्तरांनी भिंग घेऊन तो अंगठ्याएवढा माणूस तपासला आणि ते चपापले. उजव्या हाताला बोटं नव्हती. मी पानावर बघितलं. ड्रायव्हरचा हात मोटारीच्या बॉनेटवर होता, आणि बॉनेटला धक्का लागू नये म्हणून मी चार बोटं तशीच मोटारीवर सोडली होती.

"बोटं कापून देतो," मी म्हणालो आणि फळीखालून कात्री काढली. "मोटार गेली चुलीत."

मावशीनं माझा हात धरला.

"असू द्या," ती म्हणाली. "पगार दिलाय तिनं. चार बोटं तिची. बाकीचा मानूस मी न्येते."