अ‍ॅसिडवर टाकलेली ब्लीचिंग पावडर

गेल्या रविवारी नांदूरघाटला गेले होते, नणंदेकडे. गावातल्या विहारात कार्यक्रम होता, म्हणून सुनंदाताई सकाळपासून एकट्याच तिथली साफसफाई करत होत्या.

मी पोचले तर मागच्या बाथरूममधून खोकल्याचा आवाज... आणि वास. केजला अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते मी, तो वास लॅबमुळे चांगलाच ओळखीचा. ओढणी नाकाला लावली, दार ढकललं आणि ताईंना दंडाला धरून बाहेर ओढलं.

फरशीचे डाग निघेनात म्हणून त्यांनी आधी टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतलं होतं. तरी निघेनात, तर त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. डोळे लालभडक, श्वास पुरेना... तशीच जीप करून केजच्या दवाखान्यात नेलं. मास्क लावून औषधाची वाफ दिली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर अवघड होतं.

श्वास जागेवर आल्यावर ताईंचा पहिला प्रश्न, "दोन्ही सफाईचंच सामान हाय ना वैनी? मग एकत्र आल्यावर असं कावून झालं?"

तिथेच कॉटवर बसून सांगितलं. क्लोरीन दोन्हीत असतो, पण त्याचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्याचा आकडा, वेगळा. अ‍ॅसिडमध्ये तो उणे एक. त्याच्या खाली क्लोरीनला जागाच नाही, म्हणून तो इलेक्ट्रॉन फक्त देऊ शकतो. पावडरमधला कामाचा क्लोरीन अधिक एक... त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात, त्या ओढीनेच तो डाग उडवतो, जंतू मारतो. देणारा आणि घेणारा समोरासमोर आले की दोघेही शून्यावर येतात. आणि शून्यावरचा क्लोरीन म्हणजेच तो विषारी वायू.

ताई म्हणाल्या, "हे तुमी कालेजात सांगता. पण बाथरूम तर आमी बाया धुतो."

मग बायांना गोळा करा, मी येऊन सांगते, म्हटलं.

काल दुपारी विहारात बायका जमल्या होत्या. ताईंनीच घरोघरी जाऊन बोलावल्या. मी बंद बाटली आणि पावडरचा पुडा लांब-लांब ठेवला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. ताईंचा खोकला अजून पुरता गेलेला नाही, आवाज बसलाय. तरी मध्येच उठून त्याच ओरडत होत्या, "दोन्ही एकदम न्हाई गं बायांनो!"

तो बसलेला आवाज ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...