चाच्यांच्या खोलीत मिनूचा डाव

चपलेबरोबर वाळू घरात येते, ती कुणी मुद्दाम आणत नाही. आमच्याकडचे किस्से तसेच साचलेत. मालवणात आमच्या होमस्टेला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथे मी समुद्री चाच्यांची एस्केप रूम काढली. मोठ्या माणसाने पोराला घेऊन आत जायचं, मी बाहेरून कुलूप घालते. मग कोडी सोडवत किल्ली शोधायची आणि पाऊण तासात बाहेर पडायचं. हरलात तर त्याच जोडीने परत येऊन खेळायचं, हा माझा खास नियम!

मी शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यावर बघत बसते. आमची आठ वर्षांची मिनूही तिथेच असते, पण स्क्रीनकडे पाठ करून. तिचे पप्पा जहाजावर असतात. ते सुट्टीवर आले की त्यांच्याबरोबर खेळायचं आणि एकही हिंट न घेता जिंकायचं, असं तिने ठरवलं होतं. म्हणून आतलं काही म्हणता काही कळून घ्यायचं नाही.

*

आता मालवणात गुपित टिकतंय होय? रूम सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच मासळीवालीने कोळंबीच्या वाट्याबरोबर मला माझ्याच कुलपाचा नंबर सांगितला. खेळून गेलेल्या तिच्या भाच्याने सांगितला होता म्हणे. मिनू माझ्याबरोबर होती. तिने दोन्ही कान घट्ट धरले आणि घर येईपर्यंत सोडले नाहीत. मी त्याच दुपारी नंबर बदलला.

*

एक आजोबा नातवंडांना घेऊन आले. पेटीवर कवटी बघून पोरं धावली, तर आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. परक्याच्या पेटीला असा हात लावतात? आधी देवाला गाऱ्हाणं! खिशातली पानसुपारी काढून पेटीपुढे ठेवली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी पोरां ह्या चोरांच्या पेटीक हात लावतहत. काय चुकला माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं ऐकलं की आपल्या तोंडून 'होय म्हाराजा' निघतंच. माझ्याही निघालं. हिंट द्यायचा माईक चालू होता आणि स्पीकर नेमका कवटीच्या वर! आजोबांनी स्पीकरला साष्टांग नमस्कार घातला. पुढे त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने कोडी सोडवली की बोलायची सोय नाही.

*

आमच्या फिलोमिना टीचर रिटायर झाल्या तरी टीचरच. नातवाला घेऊन आल्या आणि आतला पसारा बघून म्हणाल्या, चाचे असले म्हणून काय झालं? नातवाकडून चाच्यांचे कपडे घडी करून घेतले, नकाशे एकावर एक रचले, कोड्यांच्या चिठ्ठ्या मेजावर ओळीने लावल्या. किल्ली शोधायची राहूनच गेली. हरल्या, पण खुशीत बाहेर आल्या.

मी आवरलेलं विस्कटायला विसरले. पुढची जोडी चहा निवायच्या आत जिंकून बाहेर!

*

जवळच्या कट्टा गावची एक चिमुरडी वडिलांबरोबर आली. वडील घामाघूम होऊन किल्ली शोधतायत, हिने भिंतीवरचा मोठा नकाशा बाजूला केला. मागे आमचं मागीलदार! नुसती कडी होती. घराला मागीलदार असणारच, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मी म्हटलं, किल्लीने उघडायचं होतं गो.

"तुम्ही भायर पडाक सांगलात. मी भायर पडलंय."

मी बक्षीस काढून दिलं. तिचे वडील मात्र आतच होते.

*

मिनूचे पप्पा आले. सुट्टी पाहुण्यांत आणि कौलं बदलण्यात सरली. शेवटी निघायच्या आदल्या सकाळी दोघं आत गेली. एवढे दिवस कान धरून बसलेली पोर, मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. पण बापलेक जोरात होती! एकही हिंट मागितली नाही. कुलपं उघडली, नकाशा जुळला, फक्त दाराची किल्ली राहिली. ती मी कापडी पोपटाच्या पोटात लपवली होती.

मिनूने पोपटाच्या पोटात हात घातला आणि किल्ली काढली. वेळ भरपूर होता. पप्पा पाठमोरे उभे राहून पिंपात शोधत होते. तिने किल्लीकडे बघितलं, पप्पांच्या पाठीकडे बघितलं. मग किल्ली फ्रॉकच्या खिशात टाकली आणि त्यांच्याबरोबर पिंपात शोधायला लागली.

माझा हात माईककडे गेला होता. तो मी मागे घेतला.

वेळ संपल्याची घंटा वाजली. मी दार उघडलं. पप्पांचा चेहरा पार उतरला होता.

"हरलंव गो बाय. माझ्यामुळे तुझो डाव गेलो."

मिनूने त्यांचं बोट धरलं.

"हरल्यार त्याच जोडीन परत येवक व्हया, पप्पा. आयेचो नियम आसा."