खिळ्यांच्या टायरांवर जून

जून लागला. लॅपलँडमधल्या आमच्या गावाचा रस्ताही कोरडा झाला, तरी हिल्काच्या गाडीला बर्फावर घसरू नये म्हणून लावायचे हिवाळ्याचे खिळ्यांचे टायर तसेच. डांबरावर खिळे करकरले की अख्ख्या गावाला कळायचं, हिल्का दूध आणायला निघाली. तिचा नवरा ताउनो मार्चमध्ये गेला. ती रडली नाही, आणि तेव्हापासून धड बोलतही नव्हती.

"उन्हाळ्यात खिळे चालत नाहीत. पोलिसांनी धरलं म्हणजे?" मी शेजारीण, मीच विचारणार.

"धरू देत."

शेवटी माझंच डोकं फिरलं. जॅक आणि पाना घेऊन मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "शेडची किल्ली दे. तू बस हवं तर."

शेडमध्ये उन्हाळ्याची चाकं रचलेली होती. गेल्या वर्षी काढताना ताउनोने प्रत्येकावर खडूने लिहून ठेवलं होतं: पुढचं डावं, मागचं उजवं. इथे सगळेच लिहितात, पुढच्या खेपेला चाक जागच्या जागी बसावं म्हणून. आणि लिहितात तेही टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्याच भागावर.

मी पाना खाली ठेवला. "तू हे पाहिलं होतंस?"

"एप्रिलमध्येच."

"मग राहू देत गं."

"नको. बसव," ती म्हणाली. "दूध संपलंय."

मी चारही चाकं बसवली. ती गेली तेव्हा करकर झाली नाही. परत कधी आली, तेही कळलं नाही. मी खिडकीतून पाहिलं, तर टायर नुसते काळे होते आणि हिल्का मांडीवर दूध घेऊन गाडीतच बसून होती.