लाल धाग्याचे भेक

या लेखाला हात घालण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि वाचकांची क्षमा मागतो. गेलेल्या माणसाविषयी त्याच्या बरोबरीच्यांनी लिहावं. निदान ज्यांनी त्याचं वाईट केलं नाही, अशांनी तरी. मी कॉलेजात शिकणारा मुलगा, आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला पहिलाच. सोनबाजी आमच्या कॉलेजच्या हौदाची देखभाल करणारे ढिवर, पिढीजात मासेमार. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी माळ्यानं हातातली झारी खाली न ठेवताच सांगितलं, "सोनबा गेला गा बाबू. तापानं. आठ दिस झाले." मी "अस्सं?" म्हटलं आणि तासाला जाऊन बसलो. तो सगळा तास माझ्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो लिहायला लाज वाटते... त्यांनी ते भेक विकले तरी कुणाला?

हा हौद प्राणिशास्त्राच्या खोल्यांमागे आहे. चुन्यात बांधलेला, उंच काठांचा, मधोमध दगडांचं लहानसं बेट. त्यात मरळीची एक जोडी होती. हातभर लांब, सापासारख्या डोक्याचे मासे, समोर हललं ते गिळणारे. बेटावर जमिनीवरचे जीव आणि खाली पाण्यात हे शिकारी, असं दोघांचं एकत्र राहणं विद्यार्थ्यांना रोज पाहता यावं, अशी आमच्या प्राध्यापकसाहेबांची इच्छा होती. कोणते जीव तिथे टिकतील ते शोधायचं काम त्यांनी मला दिलं. "तू खेड्यातला, तुला ओळख असेल," म्हणाले. माझं गाव कोराडीच्या अलीकडे. वर्गात मी इंग्रजी वाचायला उठलो की मुलं तोंड लपवून हसत. या कामामुळे साहेब मला पहिल्यांदा नावानं हाक मारू लागले होते. ते फसलं असतं तर मी पुन्हा मागच्या बाकावरचा बिननावाचा मुलगा झालो असतो.

पहिला आठवडा फजितीचा गेला. मी ठेवलेला सरडा पाण्यात पडला, पोहला, काठ चढून कडुलिंबावर गेला. खेकडा टिकला, पण मरळीचीच शेपटी कुरतडू लागला. लहान बेडूक तर आमच्या डोळ्यांदेखत गेले. सोनबाजी काठावर बसून विडी ओढत पाहत होते. म्हणाले, "काहून गा बाबू, तुह्या पुस्तकात मरळीचं तोंड केवढं ते लिहेल नाही का?" मग त्यांनी बांबूची कामटी वाकवून एक कडी केली, थोरल्या मरळीच्या जबड्याएवढी. "या कडीतून जे जाते ते मरळीचं. जे नाही जात ते आपलं." ती कडी हौदाजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. मासा वाढला की ते नवी कडी करत. कुठलाही जीव आधी कडीला लावून पाहायचा, मगच बेटावर सोडायचा.

मी पुस्तकातून भेक शोधले. भेक म्हणजे बेडकाचाच जमिनीवर राहणारा, खरबरीत पाठीचा भाऊबंद. त्याच्या कातडीत विष असतं, मासा तोंडात धरून थुंकून टाकतो, असं मी वाचलं होतं. "थुंकन तं खरं," सोनबाजी म्हणाले, "पण थुंकल्यावर तो भेक काय उठून तुले रामराम करन?" तरी कडीत न मावणारे थोराड भेक त्यांनीच शोधून आणले. ते बेटावर बसले. साहेब खूश झाले. मी घरी आईला पत्र लिहिलं.

पावसाळा भरात असताना एक भेक दिसेना. मग दुसरा. कडीत न मावणारा जीव मरळ गिळणार नाही, हे तर सोनबाजींचंच म्हणणं. काठ चढणं भेकांना शक्य नव्हतं. राहिला एक माणूस... चिरफाडीच्या तासाला लागणारे बेडूक सोनबाजीच पैसे घेऊन पुरवत. एकच भेक दोनदा विकायला किती वेळ लागतो? त्यांची टोपली ओल्या पोत्यानं झाकलेली असे, आणि हल्ली ते मागच्या फाटकानं जात. मी त्यांच्या मागेमागे राहू लागलो. आईनं कोराडीच्या देवीचा लाल धागा माझ्या मनगटावर बांधला होता. तो तोडून त्याचे तुकडे मी उरलेल्या भेकांच्या मागच्या पायाला बांधले. दुसऱ्या दिवशी सोनबाजींनी माझ्या मनगटाकडे पाहून विचारलं, "हातातला धागा कुठं गेला गा?" मी म्हटलं, तुटला. ते नुसते हसले. त्या हसण्याचाही मी वाईटच अर्थ लावला.

चार दिवसांनी मी मागच्या फाटकाशी त्यांच्या टोपलीवरचं पोतं उचललं. आत लाल धाग्याचे दोन भेक होते.

"मरळ पिलाईवर आली आहे," ते म्हणाले. "आता ते बेटाजवळ कोणाले राहू नाही देत. कडीचं काम नाही आता. पिलं मोठी होऊ दे, मग आणतो ना गा." मला हौदात पिलं दिसत नव्हती. टोपली त्यांच्याच हाती सोडून मी सरळ साहेबांकडे गेलो. साहेबांनी सोनबाजींना एवढंच विचारलं, "फाटकाबाहेर नेले की नाही?" "नेले जी," ते म्हणाले. काहून नेले, कुठे ठेवले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी खिळ्यावरची कडी काढून माझ्या हातात दिली. "नवीन करजो. मासा वाढून राहिला." आमची शेवटची भेट ती.

नंतर थोड्याच दिवसांत हौदात गवतापाशी पाण्यावर एक तांबडा पुंजका तरंगू लागला. मरळीची पिलं. बेटावर उरलेला एक भेक पाण्याच्या कडेला सरकला तेव्हा थोरली मरळ अशी उसळली की मी मागे सरलो. सकाळी तो भेक फाटलेला तरंगत होता. त्या वेळी तरी मी साहेबांकडे जायला हवं होतं. पिलांचं खरं निघालं, पण म्हणून विकण्याचं खोटं ठरतं का, असं मी स्वतःला समजावत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. साहेब अजून मला नावानं हाक मारत होते.

इथवर मी गेल्या रविवारी लिहिलं होतं. शेवटी त्या कडीविषयी लिहायचं मनात होतं. ती माझ्या खोलीत कंदिलाशेजारी टांगलेली आहे. पण काल सोनबाजींच्या पत्नी, कौसाबाई, मला शोधत कॉलेजच्या मागच्या फाटकाशी आल्या. डोक्यावर मातीचं गाडगं, गाडग्याच्या तोंडाला ओलं पोतं.

"पिलं मोठी झाली का जी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग घ्या तुमचे भेक. न्हाणीपाशी ठेवून ठेवून जीव गेला माहा. ताप अंगात असून वारूळ खोदून उधई आणे याइच्या खाण्यासाठी. धागा रुतत होता, पाय सुजून राहिले होते. मी म्हटलं, तोडून टाका. तं त्याइनं सैल केला, तोडू नाही देल्ला. म्हणे, राहू दे वं... त्या पोराले आपले भेक ओळखू आले पाहिजे."