तितरांची तोंडं
आमच्या नंदनवन कॉलनीत शेजारची पोरं फटाके उडवतात, तेव्हा त्या जळक्या दारूच्या वासाने मला कुहीजवळचं एक गवताळ रान आठवतं. शिकारीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. हिवाळाभर आम्ही मित्र दर रविवारी तिथे तितरं मारायला जायचो आणि गावातले हाकेवाले काठ्या आपटत, डबे वाजवत पाखरं आमच्या अंगावर हाकलायचे. होळीच्या सुमारास तितरं अंड्यावर येतात, म्हणून शिकार थांबायची. पण शेवटच्या दिवशी रिवाज असा, की बंदुका हाकेवाल्यांच्या हाती आणि डबे आमच्या. त्या वर्षी माझी दुनळी बंदूक मी त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या हाकेवाल्याला दिली आणि त्याला माझ्या जागी उभं केलं. कोणत्या झुडपात पाखरू दडलंय हे तो लांबूनच सांगायचा, त्यामुळे त्याचा नेम बघायला अर्धा गाव जमला होता. आम्ही डबे बडवत निघालो. सात-आठ तितरं भर्रकन उठली आणि थेट त्याच्या डोक्यावरून गेली. बार काही झाला नाही. लोक खो-खो हसले. मी धावत जाऊन विचारलं, "काहून गा, घोडा अडकला का?" बंदूक छातीशी धरून तो अजून आभाळाकडेच बघत होता. "नाही जी," तो म्हणाला, "जिंदगीभर त्यायच्या शेपट्याच पाह्यल्या. आज पहिल्यांदा तोंडं पाह्यले, त पाहतच राह्यलो." मी तर कितीतरी हिवाळे त्याच जागी उभा राहिलो होतो, तितरं समोरून माझ्याकडेच यायची. आज कितीही आठवून पाहिलं तरी त्यांतल्या एकाचंही तोंड आठवत नाही.